ध्रुवीय समुद्रातल्या खेकड्यांचा नकाशा : अंटार्क्टिकाभोवतीचा पट्टा रिकामा का येतो?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी दोन्ही ध्रुवांकडच्या समुद्रांतल्या खेकड्यांचं वितरण दाखवणारा नकाशा करतेय. मुंबईत बसून मोहिमेचा प्रश्नच येत नाही, म्हणून जीबिफ या जगभरच्या जीवनोंदींच्या खुल्या साठ्यातल्या नोंदी उतरवल्या आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या.

उत्तरेला बेरिंग समुद्र, ग्रीनलंडचा पश्चिम किनारा, बॅरेंट्स समुद्र सगळं ठिपक्यांनी भरून गेलंय. दक्षिणेला मात्र ६० अंशांच्या पलीकडे जवळजवळ काहीच नाही. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला खोल पाण्यात काही ठिपके, साउथ शेटलंड बेटांजवळ एक-दोन, आणि सेमूर बेटावर चक्क जमिनीवर एक झुबका. पाणी दोन्हीकडे गारच आहे, मग एवढा फरक का? खेकडे तिथे खरोखर नाहीत की कोणी शोधलेच नाहीत?

दुसरं, समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान जोडून पाहिलं तर दक्षिणेत ठिपक्यांचा आणि तापमानाचा काही मेळच लागत नाही. काय चुकतंय? मार्गदर्शक मॅडमचं म्हणणं आहे की नुसते खेकडे घेतले तर विषय अपुरा राहील, कोळंबी आणि क्रिलही (कोळंबीसारखे दिसणारे छोटे तरंगते प्राणी) घे. ते कसं बसवावं हेही सांगा.

शेवंड

पट्टा बराचसा खराच रिकामा आहे. पण उत्तर देण्याआधी एक सुचवतो. ब्रॅक्युरा म्हणजे खरे खेकडे आणि लिथोडिडी म्हणजे किंग क्रॅब, हे दोन गट वेगवेगळ्या थरांत टाका. किंग क्रॅब दिसायला खेकडा, पण कुळाने तो शंखात राहणाऱ्या हर्मिट क्रॅबच्या जवळचा. द्वीपकल्पाच्या पश्चिमेचे तुमचे खोल पाण्यातले ठिपके सगळे लिथोडिडी निघतील. दोन्ही गट एकाच रंगात दाखवले की दक्षिणेचं चित्र कळतच नाही.

आता कारणं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम लिटरमागे साधारण ५३ मिलिमोल असतं. कोळंबी आणि आयसोपॉड, अँफिपॉड हे तिच्यासारखेच कवचधारी प्राणी ते शरीरातून बाहेर टाकून रक्तातलं प्रमाण बरंच खाली ठेवतात. खेकड्यांना हे नीट जमत नाही, त्यांच्या रक्तात ते चढलेलंच राहतं. मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथे मॅग्नेशियम कॅल्शियमची वाट अडवतं, म्हणजे थोडक्यात भूल देतं. प्रॅक्टिकलला समुद्रफूल सैल पडावं म्हणून साडेसात टक्के मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण समुद्राच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळतात, ते याच गुणामुळे. उबदार पाण्यात खेकड्याला रक्तातलं मॅग्नेशियम निभावून नेता येतं. पाणी शून्याकडे गेलं की चयापचय आधीच मंदावलेलं असतं, त्यात ही भूल. हृदयाचे ठोके कमी होतात, कल्ल्यांवरून पाणी ओढणारी पाती हळू चालते, ऑक्सिजन पुरेनासा होतो. असा खेकडा लगेच मरत नाही, पण त्याला भक्ष्य धरता येत नाही, उलटला तर सरळ होता येत नाही, नर-मादीचा मेळ जमत नाही.

हे २००० च्या सुमारास जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या फ्रेडरिश, सार्टोरिस आणि प्योर्टनर यांनी मांडलं. त्यांनी कृत्रिम समुद्रजलात मॅग्नेशियम कमी करून खेकडे ठेवले, तर तेच खेकडे गार पाण्यात जास्त हालचाल करू लागले. प्रयोग साधा आहे आणि मला तो फार पटतो. तरी सगळा भार मॅग्नेशियमवर टाकू नका. उत्तरेचा स्नो क्रॅब उणे १ अंशाच्या पाण्यातही राहतो, आणि तो खरा खेकडा आहे.

म्हणून इतिहास जोडावा लागतो. सेमूर बेटावरचा झुबका म्हणजे जीवाश्म आहेत. तिथल्या इओसीन काळातल्या थरांत खेकडे सापडतात, म्हणजे त्या समुद्रात ते एकेकाळी राहत होते. साधारण ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर मोठा बर्फ साचू लागला आणि पुढे खंडाभोवती गोल फिरणारा प्रवाह पक्का झाला. हिमयुगांत बर्फाच्या चादरी समुद्रबूड जमिनीच्या काठापर्यंत सरकल्या आणि त्यांनी तळ खरवडून काढला. उथळ पाण्यातल्या प्राण्यांना सरकायला जागा उरली नाही आणि बाहेरून नव्याने यायला सलग किनारा नव्हता. आर्क्टिकची गोष्ट उलटी आहे. त्याची समुद्रबूड जमीन एका बाजूने अटलांटिकला आणि दुसऱ्या बाजूने पॅसिफिकला जोडलेली, त्यामुळे गेलेला प्राणी परत येऊ शकतो आणि येतोही.

तापमानाचा मेळ का लागत नाही ते सोपं आहे. खेकडा तळाशी राहतो, तुम्ही जोडलंय पृष्ठभागाचं तापमान. अंटार्क्टिकात या दोन्हींचा क्रमच उलटा असतो. द्वीपकल्पाच्या पश्चिमेला शंभरेक मीटरवर मागच्या हिवाळ्याचं उणे दीड अंशाजवळचं पाणी अडकून राहतं आणि दोन-तीनशे मीटरच्या खाली खोल समुद्रातून आलेलं १ अंशाच्या वरचं पाणी लागतं. म्हणजे वरच्यापेक्षा खालचं पाणी ऊबदार. लिथोडिडींना साधारण अर्ध्या अंशाच्या वरचं पाणी लागतं, म्हणून ते खाली सापडतात आणि वर चढत नाहीत. पामर डीप या खोलगट भागात २०१० मध्ये दूरनियंत्रित पाणबुडीने निओलिथोडिस याल्डविनी हा किंग क्रॅब दिसला. फक्त ८५० मीटरच्या खाली, जिथे पाणी १.४ अंशांपेक्षा ऊबदार होतं. त्या एका खोलगट भागात पंधरा लाखांच्या आसपास खेकडे असावेत असा अंदाज निघाला. मार्गरीट उपसागरासमोरच्या उतारावर ओढत्या कॅमेऱ्याने पॅरालोमिस बर्स्टिनी ८४१ ते २२६६ मीटरपर्यंत टिपला गेला. ११०० ते १५०० मीटरच्या टप्प्यात दर हजार चौरस मीटरला सरासरी साडेचार खेकडे होते.

वेडेल समुद्र किंवा भारताचं भारती केंद्र जिथे आहे तो प्रिड्झ उपसागर घ्या. तिथे समुद्रबूड जमिनीवरचं पाणी तळापर्यंत बऱ्याच ठिकाणी गोठणबिंदूच्या आसपास, उणे १.८ च्या जवळ. तिथे खेकड्याची नोंद आली तर मी आधी नोंदीवर संशय घेईन.

गाळचाळणी

शेवंड यांनी जीवशास्त्र सांगितलं, मी नकाशाच्या कामाबद्दल लिहिते. बहुतेकांचं काम इथेच फसतं.

उतरवताना 'क्रस्टेशिया' असा एकच मोठा गट मागू नका. कोपेपॉड या बारीक तरंगत्या कवचधारी प्राण्यांच्या लाखो नोंदी येतात आणि बाकी सगळं त्यात बुडतं. ब्रॅक्युरा, लिथोडिडी, कॅरिडिया (कोळंबी), युफॉसिएसिया (क्रिल), अँफिपोडा, आयसोपोडा अशा वेगळ्या मागण्या करा. नावं आधी वर्म्स या समुद्री जीवांच्या जागतिक सूचीशी जुळवून घ्या, कारण जुन्या नोंदींत एकाच जातीची दोन-तीन नावं असतात. जीबिफबरोबर ओबिस या समुद्री जीवनोंदींच्या साठ्यावरूनही नोंदी घ्या, फक्त तोच संच बऱ्याचदा दोन्हीकडे असतो. आधी नोंद क्रमांकावरून पुनरावृत्ती काढा, मग जात, तारीख आणि तीन दशांशांपर्यंतचे अक्षांश-रेखांश जुळतात ते काढा.

त्यानंतर गाळणी. 'बेसिस ऑफ रेकॉर्ड' या रकान्यात 'फॉसिल स्पेसिमेन' असेल ते बाजूला काढा, तुमचा सेमूर बेटाचा झुबका तिथेच संपेल. 'ऑकरन्स स्टेटस'मध्ये 'अॅबसेंट' लिहिलेल्या ओळी बघा. या ओळींचा अर्थ 'शोधलं, सापडलं नाही' असा असतो आणि क्यूजीआयएस त्यांनाही बिनदिक्कत ठिपका देतं. त्या टाकून देऊ नका, वेगळ्या जपा. पुढे त्यांचाच सर्वांत जास्त उपयोग होईल. शून्य-शून्य अक्षांश-रेखांश, जमिनीवर पडणारे ठिपके, संग्रहालयाच्या पत्त्यावर बसलेले ठिपके काढा. अक्षांशाचं उणे चिन्ह सुटलेलं असेल तर दक्षिणेचा प्राणी उत्तरेला उगवतो. नॉर्वेजवळ पॅरालोमिस बर्स्टिनी दिसला की हेच झालेलं असतं.

खोली दिलेली नसेल तर ती नोंद वितरणाच्या नकाशात चालेल, तापमानाच्या विश्लेषणात नाही. आणि खोली दिली असली तरी ठिपक्याखालच्या समुद्रतळाशी ताडून पाहा. समुद्रतळाच्या खोलीचे तयार नकाशे मिळतात : दक्षिणेसाठी आयबीसीएसओची २०२२ ची दुसरी आवृत्ती ५०० मीटरच्या चौकटीत आहे, उत्तरेसाठी आयबीसीएओची चौथी आवृत्ती २०० मीटरच्या चौकटीत. नोंद म्हणते ९०० मीटर आणि तळ निघतो २५०० मीटर, तर एकतर जागा चुकली किंवा जाळं ओढताना जहाज कित्येक किलोमीटर सरकलं आणि फक्त सुरुवातीची जागा लिहिली गेली. खंडान्त उतार इतका उभा असतो की ५ किलोमीटरची चूक म्हणजे हजार मीटरची चूक होऊ शकते. म्हणून जागेची अनिश्चितता ५ किलोमीटरपेक्षा जास्त असलेल्या नोंदी उतारावर वापरू नका.

तापमानासाठी बायो-ओरॅकल या समुद्राच्या माहितीच्या संचातले तळाचे थर घ्या. त्यात कमाल, सरासरी आणि किमान खोलीनुसार तीन प्रकार असतात. उतारावर एका चौकटीत ४०० मीटरही येतात आणि १५०० मीटरही, त्यामुळे नुसती सरासरी घेतली की वर शेवंड यांनी सांगितलेला ऊबदार थर दिसेनासा होतो. त्यापेक्षा वर्ल्ड ओशन अॅटलासमधून नोंदीच्या खोलीजवळच्या पातळीचं तापमान काढणं चांगलं. काम वाढतं, पण निकाल खरा येतो.

प्रक्षेप बदला. नेहमीच्या जागतिक नकाशावर ध्रुव ताणले जातात. दाखवण्यासाठी दक्षिणेला ईपीएसजी (प्रक्षेपाचा सांकेतिक क्रमांक) ३०३१ आणि उत्तरेला ३४१३ घ्या. घनता मोजायची असेल तर समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ खरं ठेवणारा प्रक्षेपच हवा, उत्तरेला ६९३१ आणि दक्षिणेला ६९३२. अंश-अंशाच्या चौकटी करून ठिपके मोजू नका. विषुववृत्तावर एक अंश रेखांश १११ किलोमीटरचा, ७० अक्षांशावर तो ३८ किलोमीटरच उरतो, म्हणजे ध्रुवाकडच्या चौकटी आपोआप रिकाम्या दिसतात.

सीमा ६० अंशांवर कापू नका, ती राजकीय रेषा आहे. पाण्याची खरी सीमा म्हणजे अंटार्क्टिक अभिसरण रेषा, जिथे गार पाणी उत्तरेच्या पाण्याखाली जातं. साउथ जॉर्जिया ५४ अंशांवर असूनही त्या रेषेच्या दक्षिणेला येतं आणि तिथे पॅरालोमिस स्पिनोसिसिमा आणि पॅरालोमिस फॉर्मोसा हे किंग क्रॅब आहेत. ६० वर कात्री चालवली की ते नकाशातूनच गायब.

शेवटी, 'नाही' आणि 'शोधलं नाही' यातला फरक. तळावरच्या सगळ्या प्राण्यांच्या नोंदी उतरवा. तारामासे, समुद्रकाकड्या, अँफिपॉड, काहीही. ५० किलोमीटरच्या समक्षेत्र चौकटी पाडा. ज्या चौकटीत तळावरच्या इतर प्राण्यांच्या भरपूर नोंदी आहेत आणि खेकडा एकही नाही, तिला एक रंग. जिथे कशाचीच नोंद नाही, तिथे नुसत्या तिरप्या रेषा. हे खोलीच्या टप्प्यानुसार वेगळं करा : ० ते ५००, ५०० ते १०००, १००० च्या खाली. उथळ पाण्यात गोताखोर आणि छोटी जाळी पोचतात, उतारावर टूथफिश माशाच्या लांब दोरीच्या गळांना अडकून आलेले किंग क्रॅब किंवा ओढते कॅमेरे हीच साधनं. रॉस समुद्राच्या बाहेरच्या अंगाला, बॅलेनी बेटांकडे लिथोडिडींच्या नोंदी आहेत. गळ जिथे टाकले तिथे खेकडे दिसले, हे लक्षात ठेवूनच तो पट्टा वाचायचा.

खाडीकाठ

गाळचाळणी ताई, शेवंड सर, मनापासून आभार. जीवाश्म काढल्यावर सेमूरचा झुबका खरंच गेला. उत्तरेला मात्र दुसराच पेच आहे. बॅरेंट्स समुद्रातल्या स्नो क्रॅब आणि रेड किंग क्रॅबच्या नोंदी जुन्या वर्षांत शून्य आणि नंतर एकदम ढीगभर. हा शोधमोहिमा वाढल्याचा परिणाम की खेकडेच नवे?

उत्तरवारा

खेकडेच नवे आहेत. रेड किंग क्रॅब, पॅरालिथोडिस कॅमचॅटिकस, मूळचा उत्तर पॅसिफिकचा. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६१ ते १९६९ दरम्यान तो मुर्मान्स्कजवळच्या किनाऱ्यावर मुद्दाम सोडला. १९७७ मध्ये तो नॉर्वेच्या वारांगर फियॉर्डमध्ये मिळाला आणि २००२ पासून तिथे त्याची व्यापारी मासेमारी चालते. २६ अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला कोटा ठेवून साठा जपतात आणि पश्चिमेला तो पसरू नये म्हणून मासेमारी मोकळी ठेवलीय. तुमच्या नकाशावर ही रेषा जरूर काढा, कारण तिच्या दोन्ही बाजूंच्या नोंदींची घनता माणसाच्या धोरणामुळे बदललेली आहे.

स्नो क्रॅब, कायोनोसेटिस ओपिलियो, बॅरेंट्स समुद्रात १९९६ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. तिथून तो पूर्वेला कारा समुद्राकडे आणि पश्चिमेला स्वालबार्डकडे पसरला. या दोन जाती एका रंगात दाखवू नका, कारण त्यांना लागणारं पाणी वेगळं आहे. रेड किंग क्रॅब किनाऱ्यालगतच्या, अटलांटिकची ऊब लागलेल्या पाण्यात. स्नो क्रॅब उत्तरेच्या मऊ चिखलाच्या तळावर, ३-४ अंशांच्या खाली. ७ अंशांच्या वर गेला की त्याला खाल्लेलं पुरत नाही.

स्नो क्रॅबसाठी वर्षाचा रकाना सांभाळा. बेरिंग समुद्रात हिवाळी बर्फ वितळल्यावर तळाशी २ अंशांच्या खालचं पाणी उन्हाळाभर टिकतं, त्याला तिथले लोक कोल्ड पूल म्हणतात. स्नो क्रॅबची पिल्लं त्या पाण्यात वाढतात, कारण त्यांना खाणारा कॉड मासा तिथे फारसा शिरत नाही. २०१८ मध्ये बर्फ इतका कमी पडला की हा थर जवळजवळ तयारच झाला नाही, २०१९ लाही तीच गत. तापमान शून्यावरून ३ अंशांवर गेलं की या खेकड्याची अन्नाची गरज जवळपास दुप्पट होते. संख्या आधीच विक्रमी होती, अन्न पुरलं नाही आणि १० अब्जांहून जास्त खेकडे नाहीसे झाले. २०२२-२३ च्या हंगामात अलास्कातली ही मासेमारी पहिल्यांदाच बंद ठेवावी लागली. १९८० ते २०२४ चे सगळे ठिपके एकत्र टाकले तर यातलं काहीच दिसणार नाही. किमान २०१७ पर्यंत, २०१८-१९ आणि त्यानंतर असे तीन नकाशे करा.

आर्क्टिकचा सगळा भाग खेकड्यांनी भरलाय असंही दाखवू नका. सायबेरियाच्या उत्तरेचा लाप्टेव्ह समुद्र दशपाद (खेकडे, कोळंबी यांचा गण) प्राण्यांच्या बाबतीत तसा गरीबच. भारताचं हिमाद्री केंद्र आहे त्या स्वालबार्डच्या कोंग्सफियॉर्डमध्ये हायस अॅरेनियस हा खरा खेकडा सहज मिळतो, कारण तिथे अटलांटिकचं पाणी शिरतं. त्या फियॉर्डमध्ये २०१४ पासून इंडआर्क ही भारताची नांगरलेली निरीक्षण यंत्रणा आहे. नोंदींच्या खोलीचं तापमान ताडून पाहायला तिची मोजमापं फार कामाची.

डोलजाळं

मार्गदर्शक मॅडम बरोबर सांगतायत. दक्षिणेला खेकडे नाहीत म्हणून तळ ओस पडलेला नाही, त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतलीय. ते दाखवलं नाही तर नकाशा अर्धवटच.

अँफिपॉडच्या दक्षिण महासागरात पाचशेहून जास्त जाती आहेत. आयसोपॉडमध्ये ग्लिप्टोनोटस अंटार्क्टिकस १० सेंटीमीटरच्या पुढे वाढतो आणि मेलेलं, जिवंत सगळं खातो. आपल्याकडे किनाऱ्यावर खेकडा जे सफाईचं काम करतो ते तिथे बऱ्याच अंशी हा करतो. ही दोन्ही मंडळी अंडी पोटाखालच्या पिशवीत वाढवतात आणि तयार पिल्लं बाहेर सोडतात. पाण्यात महिनोनमहिने तरंगत खाणं शोधणारा डिंभक (अंड्यातून निघालेली अळी) त्यांच्यात नसतो. जिथे प्लवकांचं पीक वर्षातून जेमतेम दोन-तीन महिने येतं तिथे हा फार मोठा फायदा आहे. आकार मोठा होण्यामागे ऑक्सिजनचा हात असावा, असं शॅपेल आणि पेक यांनी १९९९ मध्ये अँफिपॉडची मापं जगभरातून गोळा करून दाखवलं. शून्य अंशाच्या समुद्रजलात लिटरमागे सुमारे ८ मिलिलीटर ऑक्सिजन मावतो, मुंबईच्या २८ अंशाच्या पाण्यात साडेचारच्या आसपास.

कोळंबीच्या जाती थोड्याच, पण खोलीनुसार छान वाटल्या गेलेल्या आहेत. कोरिस्मस अंटार्क्टिकस उथळ भागात, नोटोक्रँगॉन अंटार्क्टिकस मधल्या खोलीवर आणि निमॅटोकार्सिनस लॅन्सिओपिस खाली उतारावर. हे तीन थर एकावर एक ठेवलेत तर खोलीचा परिणाम एका नजरेत कळेल. उत्तरेला त्यांच्या जोडीला पँडॅलस बोरिआलिस घ्या. ही कोळंबी आधी नर असते आणि मोठी झाल्यावर मादी होते, म्हणून लहान आकाराच्या नोंदींवरून नर-मादी प्रमाण काढायला जाऊ नका.

आता क्रिल. दिसायला ती आपल्या जवळ्यासारखी वाटते, पण जवळा हा दशपाद आहे आणि क्रिल वेगळ्या गणातली. ओळखायची खूण म्हणजे कल्ले. क्रिलचे कल्ले कवचाखाली झाकलेले नसतात, पायांच्या मुळाशी झुपक्यासारखे उघडे दिसतात. अंटार्क्टिक क्रिल, युफॉसिया सुपर्बा, ६ सेंटीमीटरपर्यंत जाते आणि सर्व रेखांशांवर सापडते. पण अर्ध्याहून जास्त साठा शून्य ते ९० अंश पश्चिम या एका चतुर्थांशात आहे. थेट किनाऱ्यालगतच्या गोठत्या पाण्यात तिच्या जागी लहान युफॉसिया क्रिस्टॅलोरोफियस असते. या दोघींना 'क्रिल' म्हणून एकत्र करू नका.

क्रिलसाठी जीबिफपेक्षा क्रिलबेस घ्या. १९२६ ते २०१६ पर्यंतच्या जाळ्यांच्या नोंदी त्यात आहेत. जाळं दिवसा ओढलं की क्रिल ते बघून बाजूला होते आणि आकडा कमी येतो, लहान तोंडाच्या जाळ्यातही तेच. म्हणून क्रिलबेसमध्ये प्रत्येक नोंद एका ठरावीक मापावर आणून दिलेली आहे : ८ चौरस मीटर तोंडाचं जाळं, रात्रीची वेळ, १ जानेवारी. तो प्रमाणित रकाना वापरा, मूळ आकडे नकोत. नैर्ऋत्य अटलांटिकच्या भागात साठ्याचा मध्य नव्वद वर्षांत सुमारे ४४० किलोमीटर दक्षिणेला सरकल्याचं याच नोंदींवरून निघालं.

क्रिलची खोली एकाच आकड्यात मांडता येत नाही. मोठी क्रिल वरच्या २०० मीटरमध्ये असते, पण अंडी ७०० ते १००० मीटरपर्यंत बुडतात, तिथे फुटतात आणि डिंभक पुन्हा वर चढतो. समुद्रबूड जमीन उथळ असेल तर अंडं आधीच तळाला लागतं आणि खाल्लं जातं. अंड्यांच्या आणि मोठ्या क्रिलच्या नोंदी एका थरात नकोत.

खाडीकाठ

सगळं वेगवेगळ्या थरांत टाकायला घेतलंय. गाळणीतून शेवटी काही एकटे ठिपके उरलेत : डिसेप्शन बेटावर हॅलिकार्सिनस प्लॅनॅटस, द्वीपकल्पाजवळ हायस अॅरेनियस आणि किंग जॉर्ज बेटाजवळ काही डिंभक. हे ठेवू की काढू? आणि एका नोंदीसोबत फक्त फोटो आहे, त्यावरून खरा खेकडा की किंग क्रॅब हे कसं ठरवायचं?

शेवंड

फोटोचं आधी. चिमट्यांसकट पायांच्या जोड्या मोजा. खऱ्या खेकड्यात पाच दिसतात, किंग क्रॅबमध्ये चारच. पाचवी जोडी बारीक असते आणि कवचाखाली कल्ल्यांपाशी दुमडलेली राहते. मात्र तुटलेल्या पायांमुळे फसगत होते, म्हणून दोन्ही बाजू मोजा. खालून फोटो असेल तर पोटाची घडी बघा. खऱ्या खेकड्यात ती दोन्हीकडे सारखी, किंग क्रॅबच्या मादीत एका बाजूला कलंडलेली. हा फरक डोळ्यांत बसवायचा तर बाजारातून एक चिंबोरी आणा आणि ओहोटीला हाजी अलीच्या किंवा गिरगावच्या खडकांत शंखातला हर्मिट क्रॅब बघा. त्याच्या मागच्या दोन जोड्या किती बारीक आहेत ते पाहिलंत की किंग क्रॅबचं शरीर लगेच कळेल.

एकट्या ठिपक्यांपैकी एकही काढू नका, पण भरीव ठिपकाही देऊ नका. हॅलिकार्सिनस ही २०१० मधली एक मादी, अंड्यांसकट. ही जात केर्गुलेन, फॉकलंड, टिएरा डेल फ्युगो या भागांतली. डिसेप्शन हे जागृत ज्वालामुखीचं बेट आहे, किनाऱ्याला काही ठिकाणी पाणी गरम निघतं, त्यामुळे ते बाकी अंटार्क्टिकाचं प्रतिनिधित्व करत नाही. हायसची नोंद म्हणजे १९८६ मध्ये मिळालेले एक नर आणि एक मादी, जे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. उत्तर अटलांटिकचा प्राणी तिथे जहाजासोबतच पोचलेला असणार. डिंभक प्रवाहाबरोबर कुठूनही येतात.

गाळचाळणी

यांना पोकळ वर्तुळ द्या आणि बाजूला वर्ष लिहा. डिंभकांना वेगळी खूण, पोकळ त्रिकोण चालेल. सूचीत 'एकदाच नोंद, वसाहत सिद्ध नाही' असं लिहा. घनतेच्या आणि तापमानाच्या गणितात या नोंदी घेऊ नका. हायसची ती एक नोंद घेतलीत तर त्या जातीची तापमानाची खालची मर्यादा उगाचच खाली ओढली जाईल आणि उत्तरेचा नकाशाही बिघडेल.